तेल नाही सरलं, जोर सरला

लग्नाच्या आहेरात वरचा एक रुपया म्हणून जी करकरीत नोट घालतात ना, ती एकदा उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रात उभं असलेलं एक लोखंडी धूड दिसेल. त्याचं नाव ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, भर अरबी समुद्रात या रिगने खोदलेल्या विहिरीत तेल लागलं आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घराघरात पोचलं. २१ मे १९७६ ला तिथलं उत्पादन सुरू झालं. आता त्याला मुंबई हाय म्हणतात, आणि म्हाताऱ्या तेलक्षेत्रांत त्याची गणना होते.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरीला बुलढाणा जिल्ह्यात बसून समुद्रातल्या तेलाचं काय पडलंय? समुद्र सोडाच, आमच्याकडे उन्हाळ्यात पूर्णेच्या पात्रातसुद्धा पाणी शोधावं लागतं. शिवाय शेगावच्या आसपास कुठेही खोदा, काळी माती, गाळ, मग काळा पाषाण. तेल निघायचं तर ते कचोरीच्या कढईतूनच!

कारण माझा मामा. तो तिथे एका प्लॅटफॉर्मवर कंप्रेसरच्या मेंटेनन्सला आहे, ठेकेदाराकडे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. घरी असला की गावात सगळ्यांचे पंप, मोटारी, मोबाइल असं जे म्हणाल ते दुरुस्त करत फिरतो. मागच्या दिवाळीत माझा सेमिनारचा विषय ठरत नव्हता. वर्गातल्या निम्म्या लोकांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या होत्या, उरलेल्या निम्म्यांनी ए.आय. मी मामाला सहज विचारलं, “मामा, तुमचं ते क्षेत्र आता संपत आलं ना? मग तुम्ही काय करणार?” मामा हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, “तेल नाही सरलं पोरी, जोर सरला.”

या एका वाक्यावर मी पूर्ण सेमिस्टर काढलंय. म्हणून हा लेख.

‘सरलं’ हा शब्द आमच्या घरात हलका नाही. आईचं माहेर संग्रामपूर तालुक्यात. वर सातपुडा, खाली खारपाणपट्टा, आणि मधल्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा. आजोबांचीही होती. विहिरीचं पाणी कमी पडलं तेव्हा त्यांनी बोअर मारला. तो तीन वर्षं चालला. मग दुसरा, जास्त खोल. मग तिसरा. पाचव्या बोअरमधून नुसता धुराळा आला, आणि गाडीवाल्याने पैसे मोजून घेताना “पाणी सरलं बुवा इथलं” असं म्हटलं. संत्र्याची झाडं त्या वर्षी सरपणाच्या भावात गेली. मामा तेव्हा आय.टी.आय. करून बोअरच्या कंप्रेसरवर हेल्पर होता. बाग गेल्यावर त्याने गाव सोडलं, आधी गुजरात आणि मग समुद्र. आजी अजूनही म्हणते, “पाण्याखातर पोरगं पाण्यात गेलं.”

तर ‘जोर सरला’ म्हणजे काय?

पहिली गोष्ट, जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. आमच्या विषयातला ‘रिझर्व्हायर’ हा शब्द मराठीत ‘जलाशय’ होतो, आणि मी तो आजीला सांगितल्यावर तिला थेट नांदुऱ्याकडचं जिगाव धरण आठवलं. ‘डिस्प्लेसमेंट’ला शब्दकोशात ‘विस्थापन’ मिळालं, ते ऐकून तर ती म्हणाली, “म्हंजे तिथंही गावं उठवतात का?” कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला इंग्रजी शब्द आधी सुचतो हे खरं, पण आजीसमोर बसल्यावर कळलं की मला तो शब्द इंग्रजीतही नीट कळला नव्हता. म्हणून यापुढे मी जलाशय म्हणणार नाही, सरळ ‘दगड’ म्हणणार. कारण तो दगडच असतो. मुंबई हायचा मुख्य थर चुनखडीचा आहे, समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर. त्या दगडात डोळ्याला न दिसणारी छिद्रं, आणि छिद्रांत तेल. सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. बांधकामाआधी वीट पाण्यात बुडवतात, ती बुडबुडे सोडत पाणी पिते. आता ती वीट पिळून पाणी काढून दाखवा! तेलवाल्यांचा धंदा तोच आहे, फक्त वीट दीड किलोमीटर खाली असते आणि तिला हात लावता येत नाही.

मग पहिलं तेल वर येतं कसं? आपोआप. वरच्या खडकांचा भार, दगडात कोंडलेलं पाणी, आणि तेलात विरघळलेला गॅस यांचा मिळून दाब असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की आतला गॅस सोड्याला सोबत घेऊनच बाहेर येतो, तसंच. पण बाटली दहा मिनिटं उघडी ठेवा. सोडा अर्धा बाटलीतच असतो, फक्त फसफस गेलेली असते. तेलक्षेत्राचंही असंच होतं. नुसत्या या नैसर्गिक दाबावर तेलाचा लहानसा हिस्सा वर येतो आणि विहीर मंदावते. मामाचा ‘जोर’ तो हाच.

दुसरा उपाय पाण्याचा. एका विहिरीतून पाणी आत ढकलायचं, दुसरीतून तेल बाहेर घ्यायचं. मुंबई हायमध्ये १९८४ पासून समुद्राचं पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून आत सोडायला सुरुवात झाली. दाब टिकतो, तेल पुढे सरकतं. तरी जगभरच्या क्षेत्रांचा सरासरी हिशोब केला तर तेलाचा साधारण एक तृतीयांशच भाग वर येतो. म्हणजे तीन पोळ्यांतली एक खाल्ली आणि ताट उचललं. (आमच्या मेसमध्येही कधीकधी असंच होतं, पण तिथे कारण वेगळं!)

राहिलेलं तेल का येत नाही? याचं उत्तर मला वर्कशॉपमध्ये मिळालं, पुस्तकात नाही. लेथवर काम करून हात ग्रीसने माखले की नळाखाली कितीही धुवा, निघत नाही. पाणी आणि तेल एकमेकांना ओळखच देत नाहीत. त्यांच्या सीमेवर एक ताण असतो, आणि बारीक छिद्रात तो ताण तेलाचा थेंब पकडून ठेवतो. पाणी बाजूच्या वाटेने निघून जातं. मग वर्कशॉपचे मामा काय करतात? केरोसीनमध्ये भिजवलेला कॉटन वेस्टचा बोळा हातात देतात. केरोसीन ग्रीसला ढकलत नाही, त्यात मिसळतं. दोघांचं एकच द्रव झालं की सीमाच उरत नाही, आणि सीमा नाही तर ताण कुठला?

गॅस आत सोडण्याच्या पद्धतीमागे एवढंच तत्त्व आहे. दीड किलोमीटर खालच्या दगडाला केरोसीनचा बोळा कसा लावायचा, हा तो प्रश्न. केरोसीन महाग, म्हणून गॅस. नैसर्गिक गॅस, नायट्रोजन, नाहीतर कार्बन डायऑक्साइड. यातला कार्बन डायऑक्साइड मोठा गमतीचा. ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि साधारण ७४ बारच्या वर दाब गेला की तो धड गॅसही राहत नाही आणि धड द्रवही नाही. घनता द्रवासारखी, पण सुळकन कुठेही शिरणारा. तेलात शिरला की तेल फुगतं आणि पातळ होतं. दाब आणखी वाढवला तर दोघं पूर्ण एकजीव होतात. तो नेमका दाब किती, हे प्रत्येक तेलाचं वेगळं असतं.

तो दाब शोधायचा प्रयोग मला फार आवडला. पंधरा-वीस मीटर लांबीची बारीक स्टीलची नळी घ्यायची, तिच्यात वाळू ठासून भरायची, आणि डासांच्या अगरबत्तीसारखी गुंडाळायची. तिच्यात तेल भरून एका टोकाने गॅस सोडायचा. वेगवेगळ्या दाबाला किती तेल निघालं ते ग्राफवर मांडायचं. कमी दाबाला रेषा सरसर चढत जाते, आणि एका जागी मोडून जवळजवळ आडवी होते. जिथे मोडली तो दाब! त्याच्या खाली गॅस फक्त ढकलतो, वर गेला की मिसळतो.

हे सगळं मी मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हटलं, “तुम्ही पण कंप्रेसरने गॅस सोडताच की विहिरीत!” मामा हसला. “तो येगळा. तो गॅस दगडात नाही जात, नळीत जाते. आपल्या बोअरचा कंप्रेसर नाही का?”

हा फरक इतका महत्त्वाचा आहे की इथे थोडं थांबते. इंटरनेटवर कितीतरी ठिकाणी याची सरमिसळ केलेली दिसली. आपल्या भागात कमी पाण्याच्या बोअरला मोटार न लावता कंप्रेसर लावतात. बारीक नळीने हवा खाली सोडायची. हवेचे बुडबुडे पाण्यात मिसळले की पाण्याचा खांब हलका होतो आणि पाणी फसफसत वर येतं. मुंबई हायमधल्या विहिरींना तेच करतात, हवेऐवजी गॅस वापरून, आणि त्याला म्हणतात ‘गॅस लिफ्ट’. विहिरीत आलेलं तेल वर चढवायला त्याची मदत होते. पण दगडात अडकलेल्या थेंबाला विहिरीपर्यंत आणायचं काम तो करू शकत नाही. ते करायचं तर गॅस नळीतून निघून थेट दगडात शिरला पाहिजे, एका विहिरीतून आत आणि शेकडो मीटर पलीकडच्या दुसऱ्या विहिरीकडे. याला म्हणतात ‘गॅस इंजेक्शन’. आजोबांच्या बोअरला कंप्रेसर लावला होता. तो नळीतलं पाणी उचलत होता. दगडात पाणीच येत नव्हतं, त्याला तो काय करणार?

आता तुम्हाला वाटेल, गॅस सोडला की झालं काम. इथेच खरी डोकेदुखी आहे. गॅस तेलापेक्षा हलका आणि फार पातळ. तो सोपी वाट शोधतो आणि तेलाला मागे ठेवून बोटांसारखा पुढे घुसतो. गजानन महाराजांच्या मंदिरातली दर्शनाची रांग आठवा. मागचे हळूहळू पुढे सरकले तर पूर्ण रांग पुढे सरकते. पण दोन-चार जण कडेच्या फटीतून घुसले तर ते थेट समाधीपाशी, आणि रांग होती तिथेच! एकदा गॅसने अशी वाट पाडली की मागून येणारा सगळा गॅस त्याच वाटेने धावतो. तुम्ही महागाचा गॅस आत सोडता आणि तोच शेजारच्या विहिरीतून बाहेर येतो. यावर उपाय काढला तो असा की थोडा गॅस, मग थोडं पाणी, पुन्हा गॅस, पुन्हा पाणी. पाणी जड आणि संथ, ते वाटा अडवतं. शेगावच्या सेवेकऱ्यांसारखं, ओरडत नाही पण घुसूही देत नाही. १९५७ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात हे पहिल्यांदा करून पाहिलं गेलं. आज जगात गॅस सोडणाऱ्या कितीतरी क्षेत्रांत हीच आलटून-पालटून पद्धत असते.

अमेरिकेत टेक्सासमध्ये स्नायडर गावाजवळच्या क्षेत्रात १९७२ पासून कार्बन डायऑक्साइड सोडताहेत. नायट्रोजनचं सगळ्यात मोठं उदाहरण मेक्सिकोच्या कांतारेल क्षेत्राचं, आणि मला तरी ते थोडं भीतिदायक वाटलं. तिथे २००० साली हवेतून नायट्रोजन वेगळा करून दगडात सोडायला सुरुवात केली. उत्पादन वाढत वाढत २००४ मध्ये दिवसाला वीस लाख बॅरलच्या वर गेलं. सगळे खूश. आणि मग ते जे घसरलं, ते पुढच्या पाच-सहा वर्षांत जवळपास पाव भागावर आलं. जोर वाढवला की तेल लवकर येतं. जास्त येतं की नाही, ते मात्र वीस वर्षांनी कळतं. आजोबांचा दुसरा बोअर पहिल्यापेक्षा जोरात चालला होता, हे मला कांतारेलचा ग्राफ बघताना आठवलं.

आपल्या देशात काय? इथे मामाच्या गुजरातच्या दिवसांची गोष्ट येते. समुद्रावर जाण्याआधी दोन वर्षं तो मेहसाणा भागात होता, बालोल आणि सांथल या क्षेत्रांजवळ. तिथलं तेल इतकं घट्ट की डांबराची आठवण यावी. पाणी सोडलं तर ते तेलाला वळसा घालून निघून जातं. मग ओएनजीसीने काय केलं, तर दगडात हवा सोडली आणि खालीच आग लावली! १९९० मध्ये बालोलला हा प्रयोग छोट्या प्रमाणावर सुरू झाला, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर. वरून कंप्रेसर हवा ढकलतो. खाली तेलाचाच थोडा भाग जळतो, काहीशे अंश तापमान होतं. त्या उष्णतेने पुढचं तेल पातळ होतं, आणि जळून तयार झालेले वायू आणि वाफ त्याला विहिरीकडे रेटतात. आग हळूहळू पुढे सरकत राहते. मामा सांगतो, “वर जिरं पेरलेलं, म्हशी चरून राह्यल्या, आन् खाली दगडात जाळ. मले तर पहिले झोपच नाही लागली.” हवेचा पुरवठा थांबला तर आग विझते, म्हणून कंप्रेसर बंद पडणं हा तिथे सगळ्यात मोठा गुन्हा. मामाला कंप्रेसरशी बोलायची सवय तिथूनच लागली असावी. (बोलतो, खरंच. आणि शिव्याही देतो.)

कार्बन डायऑक्साइडचं आपल्याकडे उशिरा चाललंय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने जुन्या क्षेत्रांतून जास्त तेल काढण्याच्या अशा पद्धतींसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांच्यात करार झाला. वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीत निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि भरूचकडच्या गंधार क्षेत्रात जमिनीत सोडायचा, अशी ती कल्पना. धुराड्यातून वर जाणारा गॅस पकडून खाली गाडायचा आणि बदल्यात तेल घ्यायचं. वाचताना मला वाटलं, वा! यात कोणाचंच नुकसान नाही.

मग मी गणित मांडलं. एक बॅरल तेल जाळलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि एक बॅरल जास्तीचं तेल काढायला अमेरिकेत साधारण ३०० ते ६०० किलो कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडतात. म्हणजे कधी थोडं वर, कधी थोडं खाली, जवळजवळ बरोबरी! पण एक मेख आहे. अमेरिकेत सोडला जाणारा बराचसा कार्बन डायऑक्साइड कोणत्याही धुराड्यातून पकडलेला नाही. तो जमिनीखालच्या नैसर्गिक साठ्यांतून काढलेला आहे. म्हणजे एका बिळातून काढून दुसऱ्या बिळात घातला, आणि तेल जाळलं ते वेगळंच. याला पर्यावरणाचं काम म्हणणं मला पटत नाही. कॅनडातल्या वेबर्न क्षेत्राची गोष्ट बरी आहे. तिथे २००० पासून अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामधल्या कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड तीनशेहून जास्त किलोमीटर पाइपातून येतो. तो गॅस नाहीतर हवेतच गेला असता. गंधारची कल्पना याच जातीची आहे, म्हणून ती मला जास्त आवडते. गॅस कुठून आला, हा प्रश्न न विचारता या पद्धतीला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही, असं माझं मत झालंय. आमच्या वर्गात दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि दोघांनाही हे मत आवडलं नाही.

घरातही यावरून वाद झाला. मी म्हटलं, मला बी.ई. झाल्यावर रिझर्व्हायर शिकायचंय, गेटमध्ये पेट्रोलियमचा वेगळा पेपर असतो, तो देणार. बाबा म्हणाले, सगळं जग विजेच्या गाड्यांकडे चाललंय आणि तू तेलाकडे? सॉफ्टवेअरमध्ये जा, पुण्यात राहा, दर शनिवारी घरी ये. बाबांचं चूक नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची यादी बघितली तर तेच शहाणपण वाटतं. पण आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. विजेच्या गाड्या येईपर्यंतचे दिवस कशावर काढायचे? आणि जी विद्या गॅस दगडात घालून तेल काढायला लागते, तीच उद्या नुसता गॅस दगडात गाडून ठेवायला लागणार आहे. दगड तोच, छिद्रं तीच, ग्राफही तोच. तेल निघालं नाही तरी चालेल, गॅस आत राहिला पाहिजे, एवढाच फरक. बाबा यावर काही बोलले नाहीत. “मामाच्या नादी लागलीय,” एवढंच आईला म्हणाले.

आजीचा प्रश्न वेगळाच होता. तिला तेलाचं, कार्बनचं काही नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की पोरगं कधी परत येणार? ठेका दरवर्षी नवा होतो. क्षेत्र बंद पडलं की मामा घरी. मला पहिल्यांदा वाटलं की तिला ते बंद व्हायला हवंय. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर एक जहाज आदळलं, गॅसचा राइझर फुटून आग लागली, २२ माणसं गेली आणि प्लॅटफॉर्म समुद्रात बुडाला. मामा त्यानंतर कितीतरी वर्षांनी तिथे गेला, पण आजीला ती बातमी कोणीतरी सांगितलेली आहे. दाबाखालचा गॅस म्हणजे काय, हे तिला आमच्या वर्गातल्या कोणापेक्षाही चांगलं कळतं. तरी ती म्हणाली, “नको व, चालू दे. आपलं सरलं, त्याचं तरी नको सराले.”

मुंबई हायचं सध्या काय चाललंय हेही सांगून टाकते. २०२५ मध्ये ओएनजीसीने तिथलं उत्पादन सावरण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलं. करार दहा वर्षांचा. उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असा कंपनीचा अंदाज आहे. तो किती खरा ठरतो ते आपल्याला पास होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर समजेल. आणि हो, नोटेवरचं ते ‘सागर सम्राट’. खोदकामातून निवृत्त झाल्यावर त्याची पुनर्बांधणी केली, आणि डिसेंबर २०२२ पासून ते तेल आणि गॅसवर प्रक्रिया करणारं केंद्र म्हणून पुन्हा समुद्रात उभं आहे. १९७३ सालचं धूड! आमच्या वर्कशॉपमधल्या लेथपेक्षा थोडंच जुनं.

सेमिनार झाला. शेवटी मी एक स्लाइड टाकली होती, मुंबई हायमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडता येईल का म्हणून. सरांनी विचारलं, गॅस कुठून आणणार? मी म्हटलं, किनाऱ्यावर कारखाने आहेत, अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे, अमोनिया बनवताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. सर म्हणाले, तो बहुतेक युरिया बनवायलाच वापरतात. उरलेला किती? ते शोधलं पाहिजे. वर्गात एकाने टाळी वाजवली, ती माझ्यासाठी होती की सरांसाठी हे कळलं नाही.

मी ती स्लाइड मामाला पाठवली. तो तेव्हा समुद्रावर होता, उत्तर दोन दिवसांनी आलं, व्हॉइस मेसेज, मागे कंप्रेसरचा आवाज. म्हणाला, कल्पना चांगली हाये. पण कार्बन डायऑक्साइडमध्ये पाण्याचा अंश राहिला की ॲसिड बनते आन् पोलादी नळी खाते. आपल्या विहिरीच्या नळ्या जुन्या, त्या बदलायच्या का? तुह्या गॅसले दीडशे किलोमीटरचा पाइप लागीन, समुद्रतळावरून, तो किती इंची? आन् डेकवर जागा कुठी हाये? एक नवा कंप्रेसर ठेवायचा तं आधी जुना काढा लागते. तू पहिले हे काढून दे, मंग आपण तुह्या सरले सांगू.

सध्या त्याच गणितावर बसलेय. पाइपच्या व्यासाचं उत्तर आलंय, दोनदा तपासलं. गंजाला स्टेनलेस लावला तर खर्च कुठल्या कुठे जातो, त्यामुळे गॅस आधी कोरडा करायचा विचार आहे. डेकवरच्या जागेसाठी मामाने येताना मापं घेऊन येतो म्हटलंय, टेपने.